सतरावं मूळ

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात काय केलं, असं कोणी विचारलं तर एका शब्दात सांगता येतं: उसवलं. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात त्या एकतीस वर्षं होत्या आणि तिथे त्यांनी एकही टाका घातला नाही. बाकीच्या बायका शिवायच्या. त्यात जे चुकायचं, म्हणजे उलटी लागलेली कॉलर, आत दुमडून शिवलेला खिसा, एकाच शर्टाला दोन डाव्या बाह्या, ते सगळं टोपलीतून सासूबाईंच्या टेबलावर यायचं. कापडाला भोक न पाडता ते सोडवायचं, हे त्यांचं काम. कारखान्यात त्यांना सगळे उसवणबाई म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी मालक भाषणात म्हणाले, यांच्यामुळे आपले किती कपडे वाचले. तेव्हा सासूबाई जागेवरून उठून म्हणाल्या, "तुमच्या लोकांनी नीट शिवलं असतं तर वाचवायची वेळ आली नसती." टाळ्या फक्त मागच्या रांगेतून आल्या.

मी त्यांची सून. सून सासूबद्दल सांगायला लागली की लोकांना एक तर गोडवे हवे असतात, नाहीतर गाऱ्हाणी. माझ्याकडे दोन्ही थोडं थोडं आहे, आणि कुठलं कधी येईल याचा भरवसा नाही.

सासूबाई एकट्या राहतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे छोटं अंगण, अंगणाला एक अरुंद फाटक. सासरे गेल्यावर कर्ज काढून आणि फेडून हे घर त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतलं, ते उसवण्याच्या पगारावर. अंगणात एक निलगिरी होती. विजेच्या तारांना लागते म्हणून माणसं आली, तासाभरात झाड पाडून, लाकूड गाडीत भरून गेली आणि बुंधा तसाच ठेवून गेली. चार माणसांनी भोवती बसून पत्ते खेळावेत एवढा रुंद, गुडघ्याएवढा उंच. त्याची मुळं जमिनीवर आलेली. त्यातल्याच एका मुळाला अडखळून सासूबाई पडल्या आणि डावं मनगट मोडलं.

इथून माझा नवरा सुरू होतो. त्याचं आईवर प्रेम आहे, यात वाद नाही. पण तो फर्निचरच्या गोदामात देखरेखीला आहे, आणि तिथे अडलेली प्रत्येक वस्तू साखळी लावून ओढतात. वीस वर्षं तेच केल्यावर माणसाला वाटायला लागतं की जगात काही अडलं असेल तर त्याला अजून कोणी पुरेसं ओढलेलं नाही.

प्लास्टर निघालं त्या दिवशी तो आईच्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "आता पुरे झालं, आई. आमच्याकडची मागची खोली तयार आहे. सामान बांध."

"कशाला?"

"पुन्हा पडलीस तर?"

"बुंध्याला अडखळले ना? मग बुंधा जाईल. मी कशाला जाऊ?"

बुंधा कोण काढणार, हा प्रश्न होता. एक यंत्रवाला येऊन बघून गेला होता. म्हणाला, यंत्र आत यायचं तर फाटक आणि अर्धी भिंत पाडावी लागेल. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं आणि फाटकापर्यंत सोडून आल्या. आता त्या मुलाला म्हणाल्या, "तीन महिने दे. मी माझ्या हातांनी काढते. तिसऱ्या महिन्याचा शेवटचा रविवार धर. निघाला, तर मी इथेच राहणार आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. नाही निघाला, तर बॅग भरून तुझ्या गाडीत बसेन. शब्द."

नवरा हसला आणि "ठीक आहे" म्हणाला. सदुसष्ट वर्षांची बाई, एक मनगट नुकतं जुळलेलं, आणि समोर तो राक्षस. मीही हसले असते. पण सासूबाईंनी दिलेला शब्द मोडल्याचं मी ऐकलेलं नव्हतं, आणि मागच्या खोलीला पडदे मीच लावले होते. खरं सांगायचं तर त्या आमच्याकडे येऊ नयेत, असंच मलाही वाटत होतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि आमचं स्वयंपाकघर तर म्यानापेक्षाही लहान आहे. पण तोंडाने बोलायची सोय नव्हती. म्हणून मी पडदे लावले.

मी दर शनिवारी त्यांच्याकडे सामान घेऊन जाते. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते मी, शनिवारी अर्धा दिवस असतो. पहिल्या शनिवारी गेले तर सासूबाई बुंध्याशेजारी एका उलट्या खोक्यावर बसलेल्या, हातात खुरपं, शेजारी घमेलं. तासाभरात त्यांनी दोन घमेली माती काढली. मी मनात म्हटलं, या गतीने बुंध्याच्या आधी आपण सगळे संपू.

"आई, कुऱ्हाडीने घाव घालायचे ना त्याच्यावर," मी म्हटलं.

"अगं, घाव घालून काय होतं? वरून छिलके उडतात. त्याला धरून ठेवलंय ते खाली आहे." मग त्यांनी मला समजावलं, कारखान्यात नव्या मुलीला समजावत असतील तसं. शिवण धरून ओढली की कापड फाटतं. आधी शिवण कुठून सुरू झाली ते बघायचं. मग दर चौथा टाका कापायचा, बाकीचा दोरा आपण होऊन निघतो.

"हे झाड आहे, शर्ट नाही," मी म्हटलं.

"तुला दोन्हीतलं काही येत नाही. ती पाइप दे इकडे."

पाइप कशाला, तर मुळं धुवायला. मातीत करवत चालवली की दात बोथट होतात. म्हणून एक मूळ उघडं करायचं, पाण्याने स्वच्छ धुवायचं, मगच करवत लावायची. आणि एकाच ठिकाणी कापायचं नाही. एकदा बुंध्याजवळ आणि एकदा हातभर पुढे. मधला तुकडा उचलून बाहेर टाकला की पुढच्या मुळाशी हात घालायला जागा होते. सापडलेल्या मुळाला सासूबाई जुन्या लाल कापडाची चिंधी बांधत, कापून झालं की ती चिंधी सोडून खिशात ठेवत. महिन्याभरात खड्डा कमरेएवढा झाला आणि मोजदाद पक्की झाली. जाड मुळं सतरा.

या काळात बुंधाही गप्प नव्हता. दर पंधरा दिवसांनी त्याच्या कडेने कोवळे हिरवे फुटवे यायचे. सासूबाई ते चिमटीने खुडत आणि म्हणत, "हाही ऐकत नाही कोणाचं." आवाजात कौतुक असायचं, ते मला ऐकू यायचं.

माझं काय झालं ते सांगते. सातव्या शनिवारी गेले तर खड्ड्यातून नुसते पाय दिसत होते. धावत गेले तर सासूबाई गोणपाटावर आडव्या, कुशीवर, बुंध्याच्या पोटाखाली हात घालून मधलं, सरळ खाली जाणारं मूळ कापत होत्या. चष्म्यावर भुसा. मला बघून म्हणाल्या, "ओरडू नकोस, नेम चुकतो." मी पर्स कट्ट्यावर ठेवली, खाली उतरले आणि कापलेला भुसा हाताने ओढून बाहेर काढायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी शनिवारी जुनी सलवार बरोबर नेऊ लागले आणि नवऱ्याला त्यातलं काही सांगितलं नाही.

मुदतीला तीन आठवडे राहिले असताना फाटकाशी एक गृहस्थ आले. चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणून त्यांनी ओळख करून दिली. हातात मोजायची टेप होती.

"खिडक्यांचं माप घ्यायचं होतं. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपासून आम्ही राहायला येणार ना. तुमच्या मुलाने सांगितलं नाही का?" मग त्यांनी खड्ड्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा, हे काढून घेताय ते फार बरं झालं. माझी स्कूटर इथे छान राहील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासूबाई शांतपणे वर आल्या, हात धुतले आणि त्यांच्या टेपचं दुसरं टोक धरलं. पुढची खिडकी मोजून झाली. मागची मोजून झाली. मग म्हणाल्या, "साडेचार फूट आणि तीन फूट. लिहून घेतलंत? छान. पण पडदे शिवायला टाकू नका. उसवावे लागतील."

ते गेल्यावर मी म्हटलं, "आई, आता तुमचा शब्द संपला. त्यानेच आधी मोडला."

"त्याने मोडला म्हणून मी मोडायचा? त्याचं ते त्याच्यापाशी." आणि त्या परत खड्ड्यात उतरल्या. पण त्या दिवशी त्यांची करवत दोनदा अडकली. असं कधी होत नसे.

संध्याकाळी घरी येऊन मी नवऱ्यासमोर उभी राहिले. त्याने आधी ताकास तूर लागू दिली नाही, मग म्हणाला, "अगं, ती काही तो बुंधा काढणार नाहीये. पुढची सोय आधी बघितली, एवढंच. तिच्या भल्यासाठीच ना."

"तिला विचारलंस?"

"विचारलं तर ती नाहीच म्हणणार."

"मग झालं की उत्तर," मी म्हटलं, आणि मागच्या खोलीत जाऊन पडदे काढून टाकले. रॉडसकट. रॉड काढायची गरज नव्हती, पण नुसत्या पडद्यांनी मन भरत नव्हतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो माझ्याच घरात टीव्ही बघत बसला होता.

शेवटचा रविवार आला तेव्हा सोळा मुळं कापून झाली होती. सतरावं राहिलं होतं आणि ते सासूबाईंनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ते घराच्या पायरीखाली गेलं होतं, आणि नळाची पाइप त्याच्या वेढ्यात अडकली होती. झाड वाढता वाढता पाइपला कवेत घेऊन बसलं होतं. तिथे करवत चालत नव्हती. पाइपला धक्का न लावता पटाशीने एकेक ढलपी सोडवायची. सासूबाई पहाटेच बसल्या होत्या. मी आठला पोचले तेव्हा त्यांनी वर न बघता सांगितलं, "तीन दिवसांचं काम आहे. आज नाही होणार."

"मग?"

"मग काय. दिवस मावळेपर्यंत आजच आहे."

दुपारी नवरा आला. गोदामाची पिकअप घेऊन, मागे साखळी. तो बॅग न्यायला आला होता, पण खड्डा बघून थबकला. तीन महिने त्याने फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. फोनवर 'काय चाललंय' विचारायचा आणि 'चाललंय' ऐकायचा. सगळ्या बाजूंनी मोकळा झालेला तो बुंधा त्याने बघितला आणि त्याला एकदम दया आली. राग आला असता तर बरं झालं असतं.

"एवढंच राहिलंय? आई, तू हो बाजूला. एका झटक्यात काढतो. तू जिंकलीस असं समज."

"हात लावू नकोस. त्याच्यात पाइप आहे."

"अगं, काही होत नाही."

पी हळद नि हो गोरी, हा त्याचा स्वभावच. मी साखळी धरली, त्याने माझ्या हातातून ती सोडवली. सासूबाई खड्ड्यातून वर यायला लागल्या, पण सदुसष्टाव्या वर्षी खड्ड्यातून वर यायला वेळ लागतो. त्या कडेला बसतात न बसतात तोच त्याने साखळी बुंध्याला गुंडाळली, फाटकातून ओढून गाडीला अडकवली आणि गाडी सुरू केली. साखळी ताठ झाली. बुंधा हलला. क्षणभर मला वाटलं, निघाला. मग पायरी उचलली गेली, घरातून काहीतरी कण्हल्यासारखा आवाज आला आणि पाइप फुटली.

पाणी चांगलं वीतभर उंच उडालं. मुख्य चावी बंद करेपर्यंत खड्डा निम्मा भरला होता. पायरीचे दोन तुकडे झाले होते. बुंधा तिरका होऊन चिखलात बसला होता, सतरावं मूळ अजून त्याला धरूनच होतं. नवरा गाडीतून उतरून उभा राहिला. त्याचा चेहरा मी पूर्वी एकदाच तसा बघितला होता, त्याचे वडील गेले तेव्हा.

मग तोंड उघडलं ते मीच. "झालं समाधान? तू आला नसतास तर आज झालं असतं काम. मुदत तू बुडवलीस. आता शर्तबिर्त काही राहिली नाही."

सासूबाई कडेला बसल्या होत्या, पाय चिखलात. मी त्यांना आयती पळवाट काढून दिली होती. त्यांनी फक्त "हो" म्हणायचं होतं.

"खोटं बोलू नकोस," त्या मला म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "तू आला नसतास तरी आज निघाला नसता. तीन दिवस लागणार होते, मी सकाळीच हिला सांगितलं होतं. तुझ्या चुकीच्या आड मी लपणार नाही. मुदत संपली. मी हरले."

नवऱ्याने मान खाली घातली. म्हणाला, "बॅग... कुठे आहे?"

"भरलेली नाही. मी येत नाही."

"आई, शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडतेय." त्यांचा आवाज कापत होता, आणि तो कापतोय याचा त्यांना राग येत होता, तेही दिसत होतं. "कोणाला दिलेला शब्द मी कधी मोडला नाही. तुझ्या वडिलांना दिलेला नाही, कारखान्याला दिलेला नाही. हा मोडतेय. मला लाज वाटतेय. पण लाज वाटली तरी मी इथेच राहणार. मी तुझ्याशी शर्त लावली तिथेच चुकले. माझ्या घरात मी राहायचं की नाही, ही शर्त लावायची गोष्टच नव्हती."

त्या उठल्या, तुटक्या पायरीवरून सांभाळून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर. मी त्याच्या गाडीत बसले नाही, बसने घरी गेले.

तीन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. बुधवारी त्याने जेवता जेवता विचारलं, "पाण्याचं काय करतेय ती?"

"शेजारून आणतेय. दिवसाला आठ बादल्या. एका हाताने."

तो अर्ध्या ताटावरून उठला. गुरुवारी त्याने सुट्टी काढली, मीही दवाखान्यात कळवलं. आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई ओलसर खड्ड्यात बसून पटाशी चालवत होत्या. मुदत संपली म्हणून काम संपलं नव्हतं. नवऱ्याने बरोबर नवी पाइप आणली होती. तो चपला काढून खाली उतरला. सासूबाईंनी थोडं सरकून जागा दिली आणि मूळ कुठून सोडवायचं ते बोटाने दाखवलं. पहिल्या तासात त्यांनी त्याच्या हातावर दोनदा चापट मारली. त्या दिवशी पाइप जोडून झाली आणि मूळ निम्मं मोकळं झालं. शुक्रवारी दुपारी, दोन बाजूंनी कापून, सतराव्या मुळाचा तुकडा बाहेर आला.

बुंधा वर काढायला मग साखळी लागली नाही. आम्ही तिघांनी पहार घालून, खाली फळ्या सरकवत, वीत वीत करत त्याला कडेवर आणलं. तो आडवा पडला तेव्हा मी रडले. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. सासूबाईंनी त्याच्यावर हात टेकला आणि त्यावरच बसल्या, पाय पसरून, पदराने तोंड पुसत.

नवऱ्याने हात धुतले, खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोरच चष्मेवाल्या गृहस्थांना लावला. पंधरा तारीख दोन आठवड्यांवर आली होती. "माफ करा," तो म्हणाला, "घर मिळणार नाही. नाही, भाड्याचा प्रश्न नाही. तिथे माझी आई राहते." आणि फोन ठेवून त्याने आईकडे बघितलं. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना असाच बघत असेल.

सासूबाई बुंध्यावर सरळ होऊन बसल्या.

"राहते काय?" त्या म्हणाल्या. "राहतात तर भाडेकरूसुद्धा. घर आईचं आहे, आणि मी विचारलंच नव्हतं तिला, असं सांग."

त्याने पुन्हा फोन लावला.